वेदीपाशी ठेवलेलं दान: बायबलमधला कुठला उतारा तुम्हाला धीर देतो आणि कुठला झोपू देत नाही?

बावखल (वसई)
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी आमच्या चर्चमध्ये वाचक आहे. महिन्यातून एकदा पाळी येते. पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन. शुभवर्तमान फादर वाचतात. आदल्या रात्री मी सगळं घरी दोनदा मोठ्यानं वाचून काढतो, म्हणजे नावांवर अडखळायला होत नाही. त्यामुळे उद्या काय ऐकायचं आहे हे मला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी माझी पाळी नव्हती. मी बाकावर बसलो होतो आणि फादरांनी मत्तयचा पाचवा अध्याय वाचला. वेदीजवळ दान आणलंस आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. माझा थोरला भाऊ तीन बाक पुढे होता. आमचं चार वर्षं बोलणं नाही. वडील गेल्यावर वाडीची वाटणी झाली. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेची मेर त्यानं दीड हात माझ्या बाजूला सारली असं माझं म्हणणं, ती आजोबांपासून तिथेच आहे असं त्याचं. बहिणीनं तेव्हाच हक्कसोड करून दिली होती, त्यामुळे मामला आम्हा दोघांतलाच. सरकारी मोजणी झाली, ती त्याला मान्य नाही. कोर्टात तारखा पडतायत.

शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा दादानं मागं वळून सगळ्यांना नमस्कार केला. मी दुसरीकडे बघत राहिलो. दानाची थैली आली, त्यात मी पैसे टाकले. त्या रात्री मला झोप आली नाही.

वडिलांच्या मातीच्या वेळी तेविसाव्या स्तोत्रानं मला उभं ठेवलं होतं. तेच पुस्तक आता असं पाठीमागे लागलंय. तुमचं असं होतं का? कुठला उतारा धरून तुम्ही दिवस काढता, आणि कुठला समोर आला की पान उलटावंसं वाटतं?

हर्णैकर
लूक १२ वाचा. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वतनाचा वाटा दे म्हणावं. येशू विचारतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? तो कोकणात जन्मला असता तर रोज सकाळी दहा भाऊ नकाशे घेऊन दारात उभे राहिले असते. :)

पण लगेच पुढे तो लोभापासून जपायला सांगतो, आणि कोठारं मोठी करणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. मला पान उलटावंसं वाटतं ते तिथे. आमच्या मांगराला मी गेल्याच वर्षी वरचा माळा काढला.

गलबत (उत्तन)
बावखलदादा, धीराचं आधी सांगते.

११ नोव्हेंबर २००९. फयान वादळ. माझे यजमान आणि दीर बोटीवर होते. दुपारनंतर वायरलेसवर आवाज येईना. बंदरावर सगळ्या बायका उभ्या, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सासूबाईंनी रात्री मार्कचा चौथा अध्याय काढला. वादळ, होडीत पाणी, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. मला त्या रात्री त्या झोपेचा इतका राग आला! शिष्यांचं वाक्य माझंच होतं, आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? सासूबाई म्हणाल्या, "तो झोपलाय म्हणजे होडीत आहे ना?"

आमची माणसं दोन दिवसांनी दुसऱ्याच बंदरावरून परत आली. त्या वादळात कित्येक घरांतली आली नाहीत. म्हणून 'विश्वास ठेवला आणि वाचलो' असं मी कधी म्हणत नाही. आमच्या गल्लीत ज्यांची माणसं गेली त्यांचा विश्वास आमच्यापेक्षा कमी नव्हता. मी फक्त सासूबाईंचं वाक्य धरून ठेवलंय.

आता झोप उडवणारं. योहान २१. रात्रभर जाळं टाकून काही मिळालं नाही, पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यावर मासे भाजतोय. ऐकायला गोड. पण न्याहारी झाल्यावर तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? पेत्रानं तीनदा नाकारलं होतं ते निखाऱ्याशीच शेकत. मच्छी भाजताना तो वास आला की मला जावेशी बोललेलं एक खोटं आठवतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

आबोली (वेंगुर्ले)
मी नर्स. पंचवीस वर्षं झाली. आमच्या वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनच्या वैद्यकीय कामाची जुनी परंपरा. प्रिन्स्टन विद्यापीठाचे पुढे अध्यक्ष झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ साली इथेच जन्मले, त्यांचे आईवडील मिशनच्या वैद्यकीय कामात होते. लहानपणी आजी आम्हाला त्या काळच्या वॉर्डातल्या सकाळच्या प्रार्थनेच्या गोष्टी सांगायची.

तेविसाव्या स्तोत्राबद्दल एक सांगते, जे मला पेशंटच्या उशाशी वाचताना लक्षात आलं. पहिल्या तीन ओव्यांत देव 'तो' आहे. तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मृत्युच्छायेची दरी आली की दावीद एकदम 'तू' म्हणायला लागतो. तू माझ्याबरोबर आहेस. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. चांगल्या दिवसांत देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलतो. मी हे शेकडो वेळा वाचलं होतं, पण एका आजींनी माझा हात धरून 'तू' वर जोर दिला तेव्हा ऐकलं.

आणि काठी बघा. मेंढपाळाची काठी लांडग्यासाठी असते, तशी कडेला भरकटलेल्या मेंढरासाठीही असते. आपल्याकडे घराघरात चिंचा-आंबे ओढायला आकडी असते ना, तशी ती ओढून घेते. बावखल, तुम्हाला उभं ठेवणारं आणि मागे लागलेलं हे एकच आहे, असं मला वाटतं.

ज्यांना काहीच धीर मिळत नाही त्यांच्यासाठी स्तोत्र ८८. त्यात शेवटी सुटका नाही, आभार नाहीत, अंधारातच संपतं. मूल गेलेल्या आईला मी दुसरं काही वाचून दाखवत नाही.

दुबईचा_माड
माझं वचन यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत. नोकरी गेली तेव्हा पाच महिने मोबाईलच्या पडद्यावर हेच होतं. रूमवर आठ जण, घरी आई विचारायची पैसे कधी पाठवतोस. रोज सकाळी वाचून बाहेर पडायचो. मिळाली नोकरी. ज्याला टीका करायची त्यानं करावी, मला त्या ओळीनं जगवलं.

जुनं_पान (रत्नागिरी)
माडा, टीका नाही, पण निवृत्त मास्तर आहे, मागचा-पुढचा संदर्भ सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे यिर्मयाचं पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो, नाही, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. अकरावी ओवी त्यानंतर येते. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिला नाही. दिनदर्शिकेवर फक्त अकरावी छापतात, दहावी सोडून देतात.

फिलिप्पै ४:१३ चंही तेच. 'सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे वाक्य पौलानं बंदिवासात लिहिलंय. वरच्याच ओळीत तो म्हणतो की पोटभर खाणं आणि उपाशी राहणं, दोन्ही मी शिकलोय. ती शक्ती उपाशी राहण्याचीही आहे.

दुबईचा_माड
सर, मान्य. पण त्या पाच महिन्यांत मला कुणी सत्तर वर्षं सांगितली असती तर मी खचलो असतो. माणूस बुडत असताना त्याला दोरी हवी असते. दोरी कुठल्या कारखान्यातली ते किनाऱ्यावर आल्यावर बघू.

जुनं_पान
हे बरोबर बोललास. दोरी आधी. मी मागे घेतो.

जुनं_पान
निम्मं मागे घेतो. :) परमुलखात राहून त्या नगराचं भलं चिंतायचं, हे तुझ्याइतकं इथे कुणाला लागू नाही. ते पाचवी ते सातवी पुन्हा वाच, आता नोकरी आहे तर.

कोर्लईची
मला वेगळंच विचारायचंय. वचन कुठल्या भाषेत टोचतं? आम्ही घरी आमची पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतो, तिला नो लिंग म्हणतो. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-कोर्लई सोडून गेले, बोली राहिली. चर्चमध्ये मात्र मराठी. मराठीत मला 'भिऊ नको' कळतं. पण आजी आमच्या बोलीत म्हणायची तेव्हा भीती जायची.

जुनं_पान
फार जुना प्रश्न काढलात. फादर स्टीफन्सनी गोव्यातल्या सालसेतला क्रिस्तपुराण ओवीत रचलं, १६१६ मध्ये छापलं गेलं. इथल्या माणसाला येशूची गोष्ट इथल्या छंदात ऐकू यावी म्हणून. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं, कारण साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं. कॅथलिकांकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. आणि वसईकरांना सांगायला नको, फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

माझ्या आईला मात्र जुनीच भाषा लागायची. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो' म्हटलं की तिचे खांदे उतरायचे. 'थकलेल्या लोकांनो' म्हटलं की म्हणायची, हे माझ्यासाठी नाही.

शेवंती
धागा छान चाललाय, म्हणून दोन दिवस लिहू की नको करत होते.

समेट करा, क्षमा करा, सत्तर गुणिले सात वेळा करा. ही वचनं मला कोणी कोणी ऐकवली सांगू? नवरा पिऊन मारायचा तेव्हा माहेरच्यांनी ऐकवली. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यानं ऐकवली आणि मला परत सासरी पाठवलं. तीनदा. चौथ्यांदा मी मुलीला घेऊन निघाले ती परतलेच नाही. आज आठ वर्षं झाली.

माझ्यासाठी ५५ वं स्तोत्र आहे. शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण तू माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो. हे कुणीतरी तीन हजार वर्षांपूर्वी बोललंय आणि ते पवित्र पुस्तकात ठेवलंय, क्षमेची ओळ न जोडता. त्यानं मला वेड लागू दिलं नाही.

पौलानं रोमकरांस लिहिताना 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' असे शब्द घातलेत. ते शब्द कृपा करून गाळू नका.

गलबत
शेवंतीताई, जवळ असतीस तर घट्ट धरलं असतं.

आबोली
लिहिलंत हे फार बरं केलंत. वॉर्डात मी असे हात-पाय बघितलेत. ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याला क्षमेचं वचन दुसऱ्यानं ऐकवायचं नसतं.

बावखल
शेवंतीताई, तुमचं दोनदा वाचलं. माझी गोष्ट त्यापुढे फार लहान आहे हे कळतं.

पण तुमच्या 'शक्य असेल तर' वर मी रात्री अडकलो. मला लगेच वाटलं, हो, माझ्याकडून होईल तितकं मी केलंय. मनातून दादाला क्षमा केलीय. मोजणीवाला आणला, नकाशा दाखवला. आता त्याचा गर्व आडवा येतो. मग मला झोप का येत नाही?

चिपळूणचा_शेजारी
मी ख्रिस्ती नाही, पण आमच्या शेजारच्या बाई रोज संध्याकाळी बायबल वाचायच्या आणि मी पायरीवर बसून ऐकायचो, म्हणून बोलतो. नीतिसूत्रांत एक वाक्य आहे ना, वाडवडिलांनी घातलेली मेर सारू नको? मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं. मेर! आमचाच शब्द. मी समजत होतो त्या पुस्तकात उंट आणि वाळवंटच असेल.

आमच्याकडे पण बांधावरून काका-वडील अकरा वर्षं बोलले नाहीत. काका गेले तेव्हा वडील त्याच बांधावर जाऊन बसले, दिवसभर.

हर्णैकर
बावखलभाऊ, मग सरळ सांगतो, राग मानू नका. १ करिंथ ६. भाऊ भावावर फिर्याद करतो याचीच पौलाला लाज वाटते. तो विचारतो, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? दीड हात म्हणजे किती झाडं? तीन केळी? सोडून द्या. अब्राहामानं लोटाला म्हटलं, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. थोरला असून धाकट्याला आधी निवडू दिलं.

दुबईचा_माड
हर्णैकरकाका, आज दीड हात सोडला तर उद्या पाच हात. वसईत जमिनीचे भाव काय आहेत माहीत आहेत ना? आणि वर शेवंतीताई काय म्हणाल्या? प्रत्येक वेळी सोसणाऱ्यालाच सोस म्हणायचं का?

हर्णैकर
जो सोसतोय त्यानं स्वतःच ठरवायचं, हे खरं. मी बाहेरून सांगू नये. बरं झालं टोकलंस.

तिरसा
दहा दिवस हा धागा वाचतेय. बावखलदादा, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मेर नाही. 'बहिणीनं तेव्हाच हक्कसोड करून दिली होती, त्यामुळे मामला आम्हा दोघांतलाच.'

इथे मला कुणी विचारलं नाही माझं टोपणनाव कुठून आलं. गणना २७. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्या मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचं नाव का मिटावं? आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर येत नव्हतं. त्यानं देवाला विचारलं, आणि देव म्हणाला, त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्यांना तेव्हा भाऊ नव्हता म्हणून मिळालं, हे मला माहीत आहे. पण आपल्याकडे १९२५ चा उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा देतो. भाऊ असला तरी. तरी आपल्या घरांत काय होतं? बाप जातो, महिन्याचं मिस्सा होतं, आणि भाऊ कागद घेऊन येतो. 'सही कर, तुला काय करायचंय वाडीचं?' मी केली. सणाला माहेर तुटू नये म्हणून केली.

आता मत्तय ५ परत वाचा. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं तिथे लिहिलेलं नाही. 'भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं स्मरण झालं तर' असं आहे. तुम्ही दादाला क्षमा केलीत की नाही, हे ती ओवी विचारतच नाही. तुम्ही कुणाचं देणं लागता, ते विचारते. मला तुमच्या बहिणीच्या मनातलं माहीत नाही. कदाचित काहीही नसेल. तिला कुणी विचारलंय का?

गलबत
तिरसा. अंगावर काटा.

जुनं_पान
चाळीस वर्षं हा उतारा शिकवला. ही बाजू माझ्या डोळ्याला दिसली नव्हती. माझ्या बहिणीनंही सही केली आहे.

शेवंती
बावखलदादा, आहात ना?

बावखल
आहे. पाच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं.

काल ताईकडे गेलो, आगाशीला. आधी फोन केला नाही, नाहीतर तिनं जेवण केलं असतं आणि मी जेवून परत आलो असतो. सरळ विचारलं. तू सही केलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? ती भांडी विसळत होती. नळ बंद केला. म्हणाली, "आठ वर्षांनी?"

मी वाट बघत होतो की ती म्हणेल, जाऊ दे रे, मला काय करायचंय. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, बाबा आजारी असताना बावखलाच्या वरची सोनचाफ्याची रांग मी लावली. तुम्ही दोघं कामावर जायचात. फुलं काढून मीच बाजारात द्यायची. कागदावर त्या रांगेचं नाव नव्हतं, सर्व्हे नंबर होता, तरी सही करताना मला ती रांगच दिसत होती. मग विचारलं, "आता विचारतोस ते बोलायला की कागदावर करायला?"

मी म्हटलं, कागदावर. आणि मग लक्षात आलं की सोनचाफ्याची रांग वादातल्या मेरेच्या दोन्ही अंगांना आहे. म्हणजे दादाच्या सहीशिवाय काहीच होत नाही. ज्याच्याकडे जायचं मी चार वर्षं टाळलं, त्याच्याकडेच जावं लागणार, तेही माझं मागायला नाही. ताई म्हणाली मी पण येते. मी म्हटलं आधी मी एकटा जातो.

रविवारी थैली आली तेव्हा मी हात खाली ठेवला. पाकीट बायबलमध्ये आहे.

आता एवढंच सांगा, दादाकडे कधी जाऊ? मिस्सा सुटल्यावर गाठू का?

आबोली
मिस्सानंतर नको. सगळे बघतात, माणूस ताठ होतो. आणि नकाशा घरी ठेवा.

दुबईचा_माड
वकिलाला आधी विचारा, केस चालू असताना काय बोलावं ते.

हर्णैकर
वकिलाला ताईच्या कागदाचं जरूर विचारा, हक्कसोड नोंदवलेली असेल तर नवा दस्त करावा लागेल. पण दादाकडे जायला वकील कशाला? तो वाडीला पाणी कधी लावतो? तेव्हा जा. पाटाचं दार धरून उभा असलेला माणूस तासभर कुठे जाऊ शकत नाही.

बावखल
काका, उद्या संध्याकाळी त्याचीच पाळी आहे. पंप बावखलावरच आहे.